बायॉसच्या पासवर्डवर विसंबताय? या चुका टाळा

लॅपटॉप चालू करताच पासवर्ड मागतो, म्हणजे आतला डेटा सुरक्षित, हा समज सगळ्यांत महागात पडतो. बायॉस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा, मशीनच्या चिपमधला प्रोग्रॅम. त्याचा पासवर्ड फक्त मशीन सुरू होऊ देत नाही. डिस्कवरची एकही फाइल तो एन्क्रिप्ट करत नाही, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून ठेवत नाही. वेगळं एन्क्रिप्शन नसेल तर चार स्क्रू काढून एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, दुसऱ्या मशीनला जोडली की सगळ्या फाइल्स समोर.

शिवाय ही किल्ली एकट्या तुमच्याकडेच असते असंही नाही. नव्वदच्या दशकातल्या अवॉर्ड बायॉसच्या कित्येक आवृत्त्यांत मालकाने काहीही पासवर्ड ठेवला तरी ‘अवॉर्ड_एसडब्ल्यू’ किंवा ‘जे262’ टाइप केलं की काम व्हायचं. हे शब्द बाहेर फुटले आणि पोरासोरांनाही पाठ झाले. पुढे लॅपटॉपवाल्यांनी जरा डोकं चालवलं. कित्येक मॉडेल्समध्ये तीनदा पासवर्ड चुकला की ‘सिस्टिम डिसेबल्ड’ असं येतं आणि खाली पाच आकडी संख्या दिसते. ती सर्व्हिस सेंटरला कळवायची, तिकडून मास्टर पासवर्ड, म्हणजे मालकाचा पासवर्ड नसतानाही कुलूप उघडणारा शब्द, मिळतो. गंमत म्हणजे काही मॉडेल्समध्ये ही संख्या साठवलेल्या पासवर्डचाच 16 बिटांचा चेकसम (पासवर्डवरून गणित करून काढलेला छोटा आकडा) असते, म्हणजे शक्यता जेमतेम 65,536. तोच चेकसम येणारा कुठलाही शब्द चालतो, आणि तो शोधायला साध्या कॉम्प्युटरला फारसा वेळ लागत नाही. कुलपावरच किल्लीचा नंबर छापण्याचा हा प्रकार!

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातोय? आधी कॅप्स लॉक आणि नम लॉक बघा. छोट्या कीबोर्डवर नम लॉक चालू राहिला की काही अक्षरांच्या जागी आकडे उमटतात, आणि पडद्यावर नुसते ठिपके असल्याने ते कळतही नाही.

‘सेल काढा, पासवर्ड जातो’ हा सल्ला जुन्या डेस्कटॉपचा. तिथे सीआर 2032 सेल काढून किंवा मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जम्पर (बायॉसची साठवलेली सेटिंग्ज पुसणारी छोटी पिन-जोडणी) बदलून काम व्हायचं. आजच्या बिझनेस लॅपटॉपमध्ये पासवर्ड वीज नसतानाही टिकणाऱ्या चिपमध्ये असतो. सेल काढून फक्त घड्याळ बिघडेल. वर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं फीचर, चालू असेल तर बायॉसची सेटिंग्ज बदलल्यामुळे 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर मशीनला हात लावू नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप घेताना विंडोज उघडली म्हणून लगेच पैसे देऊ नका. दुकानातच रीस्टार्ट करून बायॉसमध्ये जा. सुपरवायझर पासवर्ड (बायॉसची सेटिंग्ज बदलण्यासाठीचा) लागलेला असेल तर विक्रेत्याकडून समोरच काढून घ्या. नंतर मूळ बिलाशिवाय कंपनी दाद देईलच असं नाही, आणि इंटरनेटवरची फुकट ‘अनलॉकर’ सॉफ्टवेअर्स ही तर नसती ब्याद.

डेटा राखायचा असेल तर बिटलॉकर किंवा लिनक्सवर लक्स (तिथली डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय) वापरा. हार्ड डिस्कचा वेगळा पासवर्ड लावणार असाल तर एक खाचखळगा लक्षात घ्या: त्यालाही कारखान्यातून आलेला मास्टर पासवर्ड असतो. सुरक्षा ‘हाय’वर असेल तर तो डिस्क उघडतो, ‘मॅक्सिमम’वर असेल तर फक्त पुसू शकतो.