सायकलवर स्पीकर लावायचाय? मग कानाजवळ लावा आणि बारीक ठेवा

पहाटे सिंहगड रोडने खडकवासल्याकडे निघालात की दोन तऱ्हेचे सायकलवाले भेटतात. काहींच्या दोन्ही कानांत इअरफोन घट्ट बसवलेले असतात, काही हँडलला स्पीकर टांगून अख्ख्या रस्त्याला गाणी ऐकवत असतात. पहिल्यांना मागून येणारा डंपर ऐकू येत नाही. दुसऱ्यांनाही येत नाही, कारण आवाज फुल्ल असतो. स्पीकरचा इअरफोनपेक्षा फायदा एकच, कान मोकळे राहतात. तो घालवायचा नसेल तर स्पीकर कानाच्या जवळ हवा आणि आवाज बारीक हवा.

विकत घेताना तो मुठीत मावतोय का ते बघा. अर्धा किलोचा डबा हँडलवर बसवला की वळताना पुढचं चाक जड लागतं. मग खोक्यावरचा आयपी आकडा वाचा. आयपीएक्स ४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाणार नाही. यातला 'एक्स' म्हणजे धुळीचा दर्जा दिलेलाच नाही. पावसाळ्यात मुळशीला आणि उन्हाळ्यात खोदकाम चाललेल्या रस्त्यांवरून जायचं असेल तर सरळ आयपी ६७ घ्या. त्यातला ६ धुळीसाठी असतो.

आता तो बांधायचा कुठे? बाटलीच्या स्टँडमध्ये गोल स्पीकर नेमका बसतो, म्हणून बरेच जण तिथेच खोचतात. पण तिथून गाणं ऐकतात तुमचे गुडघे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे स्पीकर जवळ आणला की व्हॉल्यूम आपोआप कमी पुरतो. त्यामुळे जागा हँडलच्या मधोमध, जाळी तुमच्या तोंडाकडे. काही लांबट स्पीकरच्या दोन्ही टोकांना थरथरणारे पडदे असतात, त्यांच्यावर पट्टा आवळू नका.

पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा एक तुकडा मागून घ्या. तो हँडलभोवती गुंडाळा, त्यावर स्पीकर ठेवा आणि वरून वेल्क्रोचा रुंद पट्टा आवळा. रबरामुळे स्पीकर घसरत नाही आणि खडखडत नाही. शिवाय एक पातळ दोरी स्पीकरच्या कडीतून काढून हँडलला गाठ मारून ठेवा. ही दोरी मला भूगावच्या पुढे एका गतिरोधकाने शिकवली. पट्टा सुटला, स्पीकर उडाला आणि मागच्या चाकाखाली जाता जाता राहिला. बांधून झालं की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. ब्रेकची केबल ताणली जाते का, दिवा झाकला जातो का, घंटीपर्यंत अंगठा पोचतो का, ते पाहा. मग पुढचं चाक वीतभर उचलून दोनतीनदा आपटा. काही हललं तर पुन्हा बांधा.

फोनचं काम घरीच उरकायचं. पानशेतच्या वाटेवर नेटच्या भरवशावर राहू नका, गाणी आधी उतरवून घ्या. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये त्या स्पीकरसाठी कॉलचा आवाज बंद करता येत असेल तर करा, नाहीतर ऑफिसचा फोन चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल. फोन जर्सीच्या मागच्या खिशात ठेवला की गाणं मध्येच तुटतं. स्पीकर बिघडलेला नसतो. ब्लूटूथच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं आणि मध्ये तुम्ही बसलेले असता. फोन पुढच्या पिशवीत ठेवला की तक्रार मिटते.

व्हॉल्यूम उभं असतानाच ठरवा. सायकलवर बसा, गाणं लावा आणि घरच्या कुणाला तरी चारपाच पावलं मागून साध्या आवाजात बोलायला सांगा. शब्द कळले पाहिजेत. कळत नसतील तर आवाज कमी करा. चालताना कानाशी वारा घोंघावायला लागला की बोट आपोआप प्लसच्या बटणाकडे जातं, तिथेच सगळे फसतात. वाऱ्याचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, तो आधी ढोलकी-बेस गिळतो. म्हणून बेस वाढवून फक्त बॅटरी संपते. इक्वलायझरमध्ये बेस कमी करून मधली पट्टी जरा वर घ्या. माझं विचाराल तर गाण्यांपेक्षा गप्पा किंवा कथाकथन ऐका, माणसाचा आवाज कमी व्हॉल्यूमवरही नीट पोचतो. बोपदेव घाट उतरताना मात्र स्पीकर बंदच. वेगात काहीच कळत नाही आणि मागची गाडी कळणं तिथे फार गरजेचं असतं.

शहरातही मी बंद ठेवतो. लक्ष्मी रोडवर हॉर्नच्या गर्दीत तो ऐकू येणार नाही, आणि पेठेतल्या शांत गल्लीत कुणीतरी खिडकीतून तुमचा उद्धार करेल. त्यात नियमही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि निवासी भागात त्या वेळची मर्यादा ४५ डेसिबल. साडेपाचला निघणारे आपण सगळे त्या हिशोबाने रात्रीचेच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, ते वेगळंच.

भिजून घरी आलात तर स्पीकर साध्या पाण्याने पुसा आणि चार्जिंगचं भोक पूर्ण कोरडं झाल्यावरच वायर लावा. एप्रिलच्या उन्हात तो सायकलवर तापत ठेवू नका, आतली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि खडकवासल्याला कांदाभजी खायला थांबलात की स्पीकर काढून सोबत न्या. त्यासाठीच पट्टा वेल्क्रोचा आणि दोरीची गाठ सरफाशाची हवी, एका हाताने सुटेल अशी. दुसऱ्या हातात चहाचा ग्लास असतो.