लडाखची काळजी नुसती बॅगेत भरू नका: या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की लडाखला निघालेल्या मराठी कुटुंबांत जवळपास सारखीच चर्चा ऐकू येते. ऑक्सिजनचे डबे किती घ्यायचे, थर्मलचे दोन जोड पुरतील का, आजीला न्यावे की नाही, सीमेवर काही गडबड तर होणार नाही ना, आणि तिकडे जेवणाचे काय. या काळज्या निराधार नाहीत. मात्र त्यांपैकी बहुतेक अशा आहेत की काहीतरी विकत घेऊन बॅगेत टाकले की मन शांत होते. लडाखमधला खरा धोका सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत दडलेला असतो. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे हा तो प्रश्न, आणि रजा वाचवण्याच्या नादात नेमका तोच विचारायचा राहून जातो.

पहिल्या दिवशीच फिरायला निघणे

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे. मुंबईहून मध्यरात्री निघालेला, रात्रभर न झोपलेला माणूस दिल्लीला विमान बदलून सकाळीच तेथे उतरतो, म्हणजे समुद्रसपाटीपासून दोन कळसूबाईंच्याही वर तो काही तासांत पोहोचलेला असतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सुमारे २१ टक्केच असते. उंचीवर कमी होतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि खार्दुंग ला येथे निम्म्याच्या आसपास येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा ऑक्सिजनही तितका घटतो. (‘ला’ म्हणजेच खिंड; ‘खार्दुंग ला खिंड’ म्हणणे ‘विंध्याचल पर्वत’ म्हणण्यासारखेच आहे.)

शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. फसगत होते ती अशी की त्रास उतरल्या उतरल्या सुरू होत नाही. विरळ हवेच्या विकाराची लक्षणे बहुधा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसू लागतात. म्हणून दुपारच्या जेवणाच्या वेळी सगळे ठणठणीत असतात, कोणीतरी ‘आपल्याला काही होत नाही’ असे जाहीर करतो, संध्याकाळी सगळे शांती स्तूपाच्या पायऱ्या चढून येतात आणि रात्री दोन वाजता डोके धरून बसतात. पहिले दोन दिवस लेहमध्येच राहावे, आणि त्यातला पहिला खोलीतच काढावा. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने खालच्या बाजूला, निम्मूजवळचा सिंधू-झंस्कार संगम, लिकीर आणि अल्ची अशी फेरी केली तर पाहणेही होते आणि शरीरावर ताणही येत नाही.

दर रविवारी गड चढणाऱ्या तरुणांना हा सल्ला म्हाताऱ्यांसाठी आहे असे वाटते. तंदुरुस्तीमुळे दम कमी लागतो, परंतु उंचीचा विकार टळत नाही. उलट अंगात जोर असल्यामुळे असा माणूस पहिल्याच दिवशी जास्त धावपळ करतो. ज्या आजीला न्यावे की नाही यावर घरात दोन आठवडे खल झालेला असतो, ती खोलीत शांत पडून राहिल्यामुळे अनेकदा नातवापेक्षा बरी असते. वय ही अडचण नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, अनियंत्रित रक्तदाब आणि गर्भारपण या अडचणी आहेत, आणि त्यांबाबत निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायला हवे.

‘पित्त झाले असेल’

मराठी प्रवाशांची सर्वांत घातक चूक कोणती असे मला विचारले, तर मी हीच सांगेन. डोके ठणकते आहे, मळमळते आहे, जेवण नको वाटते आहे, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही: ही सगळी लक्षणे आपल्याकडे एका शब्दात बसतात आणि तो शब्द म्हणजे पित्त. घाटातून आलो असलो तर ‘गाडी लागली’. मग आवळासुपारी, आलेपाक आणि पित्ताची गोळी यांवर भागवले जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणे गाडी आणखी वर निघते. आमच्या कुटुंबाच्या सहलीत एका मामांनी दीड दिवस हेच केले. डोकेदुखीचे त्यांनी कोणाला सांगितलेही नाही, कारण ‘सगळ्यांचा बेत बिघडेल’. गाडीतून उतरताना त्यांचा तोल गेला तेव्हा आम्हांला कळले.

उंचीवर डोके दुखू लागले आणि सोबत वरीलपैकी एखादे लक्षण असले, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. उपाय साधा आहे: आहे तेथेच थांबावे, विश्रांती घ्यावी, पाणी नेहमीसारखे प्यावे, डोकेदुखीवर पॅरासिटामॉल चालते, आणि लक्षणे पूर्ण जाईपर्यंत एक मीटरही वर झोपायला जाऊ नये. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. मद्य आणि झोपेच्या गोळ्या या काळात वर्ज्य मानाव्यात, कारण दोन्हींमुळे झोपेतला श्वास मंदावतो.

दोन खुणा मात्र थांबण्याच्या नसून तातडीने खाली उतरण्याच्या आहेत. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा झिंगल्यासारखा चालू लागला, तर मेंदूला सूज येत असण्याची शक्यता असते. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगावे, तोल गेला तर वाट पाहू नये. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागणे, खोकला वाढत जाणे, ओठ निळसर पडणे ही फुप्फुसात पाणी साठत असल्याची चिन्हे आहेत, आणि हा प्रकार बरेचदा दुसऱ्या रात्रीनंतर उद्भवतो. लेहमधील सोनम नोरबू स्मारक रुग्णालयाला असे पर्यटक तपासण्याचा भरपूर सराव आहे. तेथे जायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

डबा, कापूर आणि ऑक्सिमीटर

ऑक्सिजनच्या हलक्या डब्यात जेमतेम काही मिनिटांचा वायू असतो. रुग्णालयापर्यंतच्या काही तासांच्या रस्त्याला तो पुरत नाही. गाडीत खरा सिलिंडर आहे का, हे चालकाला आदल्या दिवशी विचारणे अधिक उपयोगाचे आहे. कापराची पुडी हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला ऑक्सिजन काही वाढत नाही. आठवण म्हणून ती न्यायला हरकत नाही.

ऑक्सिमीटरची गोष्ट वेगळी आहे. कोविडच्या काळात घराघरांत आलेले हे यंत्र आता लडाखच्या बॅगेत जाते, आणि त्याच्यासोबत ‘९५च्या खाली गेले की रुग्णालय’ हा तेव्हाचा धाकही जातो. लेहमध्ये पहिल्या दिवशी निरोगी माणसाचा आकडाही ९०च्या आसपास किंवा थोडा खाली असू शकतो, आणि बोटे गार पडली असतील तर यंत्र आणखी कमी दाखवते. लक्षणे नसताना आकड्याला घाबरू नये, आणि आकडा चांगला आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्षही करू नये.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे बाजारात डायमॉक्स नावाने मिळणारी गोळी, श्वसनाचा वेग वाढवून शरीराला लवकर जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी ती साधारणपणे चढण्याच्या आदल्या दिवसापासून, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी दिली जाते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. लघवीला वारंवार होणे आणि बोटांना मुंग्या येणे हे तिचे नेहमीचे परिणाम आहेत. ते माहीत नसल्यामुळे घाबरून रात्री डॉक्टर शोधणारे लोकही असतात.

रात्रींचा क्रम चुकवणे

डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा उंच खिंड ओलांडून खाली झोपायला येणे त्यामानाने सोपे जाते. म्हणूनच नुब्रा खोरे आधी करावे: वाटेत ५,३५९ मीटरची खार्दुंग ला लागते, पण दिस्कित आणि हुंदर ही मुक्कामाची गावे लेहपेक्षाही खाली आहेत. खिंडीत पाटीपाशी छायाचित्रासाठी पंधरा मिनिटे पुरतात. (त्या पाटीवर वर्षानुवर्षे लिहिलेला १८,३८० फुटांचा आकडा प्रत्यक्ष उंचीपेक्षा बराच जास्त आहे.)

पँगाँग सरोवर ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर आहे, म्हणून तेथील तंबूतली रात्र सहलीच्या शेवटाकडे ठेवावी किंवा ठेवूच नये. ‘त्रास झाला तर खाली उतरू’ या भरवशात तेथे एक अडचण आहे, कारण पँगाँगहून लेहला नेहमीच्या रस्त्याने परतायचे तर ५,३०० मीटरच्या वरची चांग ला ओलांडावी लागते. खाली येण्यासाठी आधी वर चढायचे, तेही आजारी माणसाला घेऊन आणि कदाचित रात्री. नुब्रामार्गे फिरून आले तरी खार्दुंग लासारखी उंच खिंड आडवी येतेच. ज्याचे डोके आदल्या रात्री दुखत होते त्याने पँगाँगला मुक्काम करू नये.

रस्त्याने गेले की शरीर आपोआप सरावते, हे श्रीनगर मार्गाबाबत बरेचसे खरे आहे, कारण तेथे पहिली रात्र २,६७६ मीटरवरच्या कारगिलला पडते. मनाली मार्गाचे गणित निराळे आहे. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आणि सरचू सुमारे ४,२९० मीटरवर. मनालीहून थेट सरचूच्या तंबूत झोपायला जाणे हे लेहला विमानाने उतरण्यापेक्षाही कठीण जाते. पहिली रात्र केलाँग किंवा जिस्पाला काढावी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून शक्यतो थेट लेह गाठावे.

उरलेल्या काळज्या

जेवणाची चिंता सोडून द्यावी. लेहमध्ये डाळ-भात, पोळी आणि थुक्पा (नूडल्सचे तिबेटी सूप) सगळे मिळते. फोनची मात्र करावी, कारण महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. कुटुंबातल्या निदान दोघांकडे, वेगवेगळ्या कंपन्यांचे पोस्टपेड सिम असावे. सीमेलगतच्या भागांत जाण्याच्या परवान्यांचे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी लेह जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत.

सीमेवरच्या तणावाची भीती बरेचदा बातम्यांच्या आवाजाने वाढलेली असते, पण त्यामुळे प्रवास अडकू शकतो हे खरे आहे: मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद होते, आणि त्यांत लेहही होते. एरवीही वारा आणि ढग यांमुळे लेहची विमाने रद्द होतात. अशा वेळी लेह-दिल्ली आणि दिल्ली-मुंबई ही तिकिटे वेगवेगळी काढून मध्ये तीन तास ठेवणाऱ्याचे दुसरे तिकीट बुडते, कारण पुढच्या विमानाला आपण उशीर केला असेच कंपनी धरते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढावेत, किंवा दिल्लीला एक रात्र ठेवावी, आणि कामावर रुजू होण्याची तारीख त्यानंतर आणखी एक दिवस सोडून सांगावी.