लोकसंख्या आणि जागतिकीकरण शिकवताना या चुका टाळा

बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट लोकसंख्येच्या पाठात आणू नका. एक, दोन, चार, आठ. दहाव्या घरात 512. मुलं रंगून जातात म्हणून ती हमखास सांगितली जाते, आणि पुढे काय होतं तेही ठरलेलं. कुणीतरी घाबरून विचारतं, "मग उभं राहायला तरी जागा उरेल का?" ज्याला चार भावंडं आहेत त्याच्याकडे सगळा वर्ग वळून बघतो. ते मूल पुढचा तासभर मान वर करत नाही. मुलांना दामदुप्पट कळते, लोकसंख्या कळतच नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात एका स्त्रीमागे सरासरी 2 मुलं आहेत, महाराष्ट्रात 1.7. मग मुलं विचारतातच, दोनच मुलं तर माणसं वाढतात कशी? हे तोंडी समजावत बसू नका. तीन वाट्या आणि मोजून 120 वाल घ्या. आजी-आजोबांच्या वाटीत 10, आई-बाबांच्या 20, मुलांच्या 40. म्हणजे आधीच्या दोन पिढ्यांत जोडप्यामागे चार मुलं होती. एकूण 70. आता नियम बदला : यापुढे जोडप्यामागे दोनच. पहिल्या वाटीतले 10 काढा, आई-बाबांचे वाल आजी-आजोबांच्या वाटीत आणि मुलांचे आई-बाबांच्या वाटीत सरकवा, मुलांच्या वाटीत नवे 40 टाका. झाले 100. पुन्हा करा, 120. तिसऱ्यांदा करा, 120 च. आधी काढायचे, मग टाकायचे. क्रम चुकला की वाल पुरत नाहीत आणि मुलं भलताच निष्कर्ष काढतात. वेळ नाही म्हणून तिसरी फेरी गाळणारे फार. आकडा थांबतो तो त्याच फेरीत, आणि ती गाळली तर पुन्हा भीतीच उरते. वाल मुलांनीच हलवावेत. वाट्यांऐवजी व्हिडिओ दाखवला की तास वाचतो, समज येत नाही.

यानंतरच दर आणि भर यांतला फरक सांगा. 1991-2001 या दशकात भारताचा वाढीचा दर 21.5 टक्के होता, 2001-2011 मध्ये 17.7. दर घसरला, तरी दोन्ही दशकांत भर पडली साधारण 18 कोटींचीच, कारण दुसऱ्या वेळी मुळातला आकडा मोठा होता. हे फळ्यावर मुलांकडूनच वजाबाकी करून काढून घ्या : 1991, 2001 आणि 2011 ची लोकसंख्या अनुक्रमे 84.6, 102.9, 121.1 कोटी.

गर्दी म्हणजे जन्म, असंही शिकवू नका. 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची लोकसंख्या घटली, ठाण्याची 36 टक्क्यांनी वाढली. कोकणातल्या मुलांना हे सांगावंही लागत नाही, त्यांचे काका मुंबईकडे असतात.

जागतिकीकरणाच्या पाठात परदेशी कंपन्यांची यादी पाठ करून घेणं ही दुसरी जुनी खोड. आणि "ते 1991 मध्ये सुरू झालं" हे वाक्य तर वहीतून खोडूनच टाका. 1991 हे भारताच्या आर्थिक धोरणबदलाचं वर्ष, जगाशी धागे त्याच्या कितीतरी आधीचे. अमेरिकेतल्या 1861-65 च्या यादवीत तिथला कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या कापसाचे भाव चढले होते आणि युद्ध संपताच बाजार कोसळला होता.

सुरुवात वडापावापासून करा. बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या मार्गाने आपल्याकडे आली. पाव हा शब्दही त्यांचाच. पण इथेच थांबू नका, नाहीतर मुलांना वाटतं ही सगळी जुनी गोष्ट. तळणीच्या तेलाकडे वळा. फरसाणाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत "पामोलिन", म्हणजे पाम तेलच, सापडतं, ते मुलांनाच शोधू द्या. आपलं पाम तेल बहुतेक इंडोनेशिया-मलेशियातून येतं. एप्रिल 2022 च्या शेवटी इंडोनेशियाने निर्यात बंद केली आणि मे महिन्यात पुन्हा खुली केली. नकाशावर तिथून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरापर्यंत दोरा लावा, मग विचारा : बंदर बंद झालं तर गाडीवाल्याने वड्याचा भाव वाढवावा की वडा लहान करावा? उत्तर सांगू नका, त्यांना भांडू द्या.