हिवाळ्यात एस्टोनियाला निघण्यापूर्वी

पासपोर्ट, तिकिटं, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, हे कुणी सांगायला नको. व्हिसाचं मात्र नीट बघा. एस्टोनिया 2007 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज ज्या देशात तुमचे सगळ्यात जास्त दिवस जाणार त्याच देशाकडे करायचा. एस्टोनियातली टालिन आणि टार्टू मिळून पाच रात्री, लॅटव्हियातलं रीगा दोन, फिनलंडमधलं हेलसिंकी दोन असा बेत असेल तर एस्टोनियाकडे. दिवस सारखेच पडत असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. मैत्रिणीला अमक्या देशाचा पटकन मिळाला म्हणून आपणही तिथेच अर्ज टाकायचा, असं करू नका. अर्ज सहा महिने आधीपासून घेतात आणि किमान 15 दिवस आधी द्यावाच लागतो, पण त्या पंधरा दिवसांच्या भरवशावर कुणी राहू नये. विमा किमान 30,000 युरोचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी.

आता रिफ्लेक्टर. खरं तर हेच सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

एस्टोनियात अंधारात रस्त्याने पायी चालणाऱ्याच्या अंगावर रिफ्लेक्टर किंवा दिवा असलाच पाहिजे, असा कायदा आहे. पाहुण्यांना त्यातून सूट नाही. त्याला तिथे हेल्कुर म्हणतात. सुपरमार्केट, पेट्रोल पंप, औषधांचं दुकान, कुठेही मिळतो आणि साधा घेतला तर दोन-तीन युरोंत भागतं. प्लॅस्टिकचा छोटा चपटा तुकडा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला सेफ्टी पिन. पिन कोटाच्या खिशाच्या आतल्या बाजूला लावायची, म्हणजे दिवसा तो खिशात पडून राहतो आणि अंधार झाला की बाहेर सोडला तर गुडघ्याच्या आसपास लोंबतो. तो तिथेच लोंबायला हवा, कारण गाडीच्या दिव्याचा झोत खाली असतो. टोपीला किंवा खांद्याला लावून उपयोग नाही. गाड्या तिथे उजवीकडून चालतात. फुटपाथ नसेल तर आपण रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं, म्हणजे गाड्या आपल्या उजव्या हाताने जातात. हेल्कुर एकच असेल तर उजवीकडे लावा. पण एकच का, दोन्ही बाजूंना लावा.

कारण असं की डिसेंबरात टालिनमध्ये सूर्य सव्वानऊच्या सुमारास उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळलेला असतो. आपल्या डोक्यात संध्याकाळ म्हणजे सात वाजता, तिथे चारला रात्र. शिवाय बर्फ पडला की उजेड वाढतो, पण नोव्हेंबर-डिसेंबरात बरेचदा बर्फ नसतोच. नुसता पाऊस, ओला काळा रस्ता, आणि आपण इथून नेलेलं काळं जाकीट. डीपरवर येणाऱ्या गाडीवाल्याला गडद कपड्यातला माणूस 30 ते 50 मीटरवर दिसतो, रिफ्लेक्टर असेल तर 130 ते 150 मीटरवर. गाडी थांबायला लागणारं अंतर याच दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं.

मागच्या खेपेला आमचं बाकी सगळं जय्यत होतं, एवढंच राहिलं. हापसालू गावाच्या बाहेर, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर, संध्याकाळी पाचला, एक गाडी हातभर अंतरावर करकचून थांबली. चालवणाऱ्या बाई उतरल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. स्वतःच्या कोटाचा हेल्कुर काढून त्यांनी माझ्या आईच्या कोटाला लावला आणि निघून गेल्या. तेव्हा कृपा करून हॉटेलात सामान टाकायच्या आधी हे घ्या. माणशी दोन. मुलांच्या सॅकलाही. ईएन 13356 किंवा नवा ईएन 17353 असा युरोपीय मानकाचा क्रमांक असलेलाच घ्या, नुसतं चकचकीत खेळणं नको. ओरखडे पडून मंद झालेला असेल तर बदला.

कपड्यांबद्दल लोक उगाच घाबरवतात. टालिनला उणे तीन-चार नेहमीचंच, मधूनच थंडीची लाट येऊन उणे वीसपर्यंतही जातं, पण त्रास खरा होतो तो समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याचा. म्हणून आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा न शिरणारं जाकीट. एकच जाडजूड स्वेटर घालून निघालात तर ट्राममध्ये आणि दुकानात घामाघूम व्हाल, कारण आत सगळीकडे हीटर चालू असतात. छत्री घरी ठेवा, वाऱ्यात टिकत नाही. बूट मात्र अर्धा नंबर मोठे घ्या, जाड मोज्यांना जागा लागते, आणि तळ खोल खाचांचा हवा. जुन्या टालिनमध्ये सगळी दगडी फरसबंदी आहे. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठलं की त्यावर काचेसारखा थर येतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. आई-बाबा बरोबर असतील तर बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथल्याच दुकानातून घ्या, आणि तूमपेआ टेकडीच्या उतारावर त्यांचा हात सोडू नका. फुटपाथवर फीत बांधून रस्ता अडवलेला दिसला तर वळसा घाला; वर छपराला बर्फाच्या सुळ्या लटकत असतात आणि त्या खरोखर पडतात. नवं जाकीट घेतलंत तर हेल्कुर जुन्याचा काढून त्याला लावा. जाकीट बदललं की हाच आधी विसरतो.

पैसे सोपे आहेत. 2011 पासून युरो आहे आणि कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण आपल्या कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा, आणि टॅप करून पैसे द्यायची सोय वेगळी असते, तीही. हे मुंबईतच करा, कारण ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार आणि रोमिंग नसेल तर तिथे अडकाल. टालिनच्या बस-ट्रामचा प्रवास 2013 पासून फुकट आहे तो तिथल्या नोंदणीकृत रहिवाशांना, तुम्हाला-आम्हाला नाही.

खाण्याचं. तूप, पेढे, चक्का काहीही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, आणि कढीपत्त्याची जुडीसुद्धा कागदपत्रांशिवाय चालत नाही. मेतकूट, कोरड्या चटण्या, भाजणी न्या. शाकाहारी असाल तर नाताळात जपून, कारण ताटात रक्ताचं सॉसेज असतं आणि निरुपद्रवी दिसणारी आंबट कोबीही डुकराच्या चरबीत शिजवलेली असू शकते. वाटाण्याच्या सुपाचंही तेच. विचारा, न संकोचता विचारा, तरुण मंडळी इंग्रजी छान बोलतात. राईचा काळा पाव उत्तम. ‘कामा’ नावाचं पीठ मिळतं, जव, राई, ओट आणि वाटाणा भाजून दळलेलं. केफिरमध्ये, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या पातळ दुधात, कालवून खा, ताकात सातूचं पीठ कालवल्यासारखं लागतं, आईला फार आवडलं. 24 डिसेंबरला दुकानं लवकर बंद होतात, दोन दिवसांचं सामान सकाळीच भरा. नळाचं पाणी प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

फिरताना: टालिन ते टार्टू बसने अडीच तास, रीगा साडेचारच्या आसपास, हेलसिंकी बोटीने दोन. नार्वाला किल्ला बघा, नदीपलीकडे रशिया दिसतो, पण पलीकडे जायचा विचारही नको; एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बाहेर पडलात की संपला. गोठलेल्या समुद्रावर स्वतःच्या अंदाजाने पाऊल टाकायचं नाही. गाडी भाड्याने घेतली तरी हेल्कुर हवाच, गाडी बंद पडली की तुम्ही पायीच असता. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बसते. काही झालं तर आणीबाणीचा नंबर 112.

घरी फोन करताना लक्षात ठेवा, हिवाळ्यात भारत साडेतीन तास पुढे. परतीला पाव शेवटच्या दिवशी घ्या, बाटल्या मोठ्या बॅगेत, पॉवर बँक हातातल्या.