सर्वात लहान विजेती कोण? जुने आकडे असे तपासा

वय शर्यतीच्या तारखेला मोजा, नुसती सालं वजा करू नका. अमेरिकन धावपटू बेटी रॉबिन्सनचा जन्म २३ ऑगस्ट १९११चा, ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमधली महिलांची १०० मीटरची अंतिम शर्यत ३१ जुलै १९२८ची. वजाबाकी १७ सांगते. वाढदिवसाला तेवीस दिवस बाकी होते, म्हणजे वय १६च.

मग वेळ. तिचे १२.२ सेकंद स्टॉपवॉचवरचे. पिस्तुलाचा धूर दिसल्यावर बोट उशिराच दाबलं जातं, त्यामुळे वेळ कमी भरते. इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना १०० आणि २०० मीटरला ०.२४, तर ४०० मीटरला ०.१४ सेकंद मिळवा. हा अंदाजच, पण कामचलाऊ.

वारा बहुतेकजण विसरतात. पाठीमागून सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल, तर पदक राहतं, विक्रम जातो. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकन धावपटू विल्मा रुडॉल्फच्या १०० मीटरमधल्या ११.० सेकंदांचं हेच झालं.