पास गळ्यात, तरी प्रीमियर हुकतो: गोव्याला निघण्याआधी या चुका टाळा

"सर, पास तं आहे गळ्यात, मंग काहून नाही सोडून राहिले आत?" पणजीहून हा फोन मला जवळजवळ दर नोव्हेंबरात येतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात मी चित्रपट मंडळ चालवतो. पोरं मनापासून सिनेमा पाहतात, पैसे जमवून इफ्फीला जातात आणि ज्या चित्रपटासाठी गेली त्याच्याच दारातून परततात. माझा अनुभव असा की बहुतेकांचं काम पणजीत नाही, दोन महिने आधी गावातच बिघडलेलं असतं.

इफ्फी म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. पहिला १९५२ साली मुंबईत झाला, २००४ पासून तो गोव्यात भरतो. अलीकडे तारखा २० ते २८ नोव्हेंबर अशा असतात. आपल्याकडे तेव्हा कापूस वेचणी जोरात असते आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास येतात. परीक्षेचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय घरच्यांकडे पैसे मागू नका. पेपर बुडवून सिनेमा पाहायला मी कुणालाच सांगणार नाही.

तिथे जाऊन तिकीट काढू

ही सगळ्यात महागडी चूक. महोत्सवातले बरेच चित्रपट सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र न घेता दाखवले जातात. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ९ नुसार केंद्र सरकार तशी सूट देऊ शकतं, पण मग ते चित्रपट प्रतिनिधींनाच, म्हणजे नोंदणी करून पास घेतलेल्या प्रेक्षकांनाच, दाखवायचे असतात. म्हणून आपल्या टॉकीजसारखं खिडकीवर पैसे टाकून आत जाता येत नाही. वयाची अटही यातूनच येते. अठरा पूर्ण नसतील तर नोंदणीच्या भानगडीत पडू नका. बारावीतल्या पोरांना हे सांगताना मला वाईट वाटतं, पण दारावरून परत फिरण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

बापाच्या मोबाईलवर ओटीपी

नोंदणी ऑनलाइन असते आणि आपल्याकडची निम्मी गाडी इथेच अडकते. दोन वर्षांपूर्वी आमची एक विद्यार्थिनी शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत बसली. फॉर्ममध्ये नंबर वडिलांचा दिला होता. वडील वावरात आणि तिथे रेंज नाही. ओटीपी येत गेले, मुदत संपत गेली आणि संध्याकाळी नोंदणी बंद झाली. तिचं गोव्याचं रेल्वे तिकीट कन्फर्म होतं. ती गेलीच नाही. तो दिवस माझ्या मनातून जात नाही. तारीख मी तिला आधी विचारायला हवी होती.

त्यामुळे नंबर स्वतःचा, ईमेलही स्वतःचा द्या आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. कॅफेवाल्याच्या ईमेलवरून नोंदणी केलीत तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातील. पुढे शोचं बुकिंगही याच खात्यातून करायचं आहे.

ओटीपी आला नाही तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. नवा ओटीपी निघाला की जुना चालत नाही, आणि मग कोणता कधीचा हेच कळेनासं होतं. पाच-दहा मिनिटं थांबा, रेंज असलेल्या जागी जा आणि एकदाच मागवा.

दुसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, आणि महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव गाळलेलं. तिन्हीकडे वेगळं नाव दिसलं की कागद परत येऊ शकतात. फॉर्ममध्ये जे सरकारी ओळखपत्र जोडणार, त्यावर जसं नाव आहे अगदी तसंच लिहा. बोनाफाईड चालू वर्षाचंच घ्या आणि त्यावर शिक्का, सही, तारीख तिन्ही आहेत का ते कार्यालयातून बाहेर पडण्याआधी पाहा. फोटोचा आकार केबीत मागतात, तो आधीच लहान करून ठेवा.

वर्गवारीही नीट वाचा. चित्रपट व्यावसायिकांच्या वर्गात कामाचे पुरावे लागतात. एखादी शॉर्ट फिल्म केली म्हणून तिकडे अर्ज टाकू नका. विद्यार्थी वर्गाच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेतूनच घ्या, मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावरून नको.

पास म्हणजे खुर्ची नव्हे

फोनवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पासने तुम्ही प्रतिनिधी होता. प्रत्येक खेळाची जागा वेगळी आरक्षित करावी लागते. प्रीमियरला तर चित्रपटाचा चमू, पाहुणे, पत्रकार यांच्यासाठी आधीच जागा राखलेल्या असतात. उरलेल्या जागांवर सगळ्यांची झडप पडते आणि बुकिंग उघडल्यावर काही मिनिटांत हाउसफुल्लची पाटी लागते. बुकिंग किती वाजता उघडतं ते आदल्या दिवशीच पाहा, गजर लावा आणि पाच मिनिटं आधी लॉगिन करून बसा. थिएटरच्या गर्दीत नेट रडतं, त्यामुळे हे काम खोलीवरूनच उरका.

जागा नाही मिळाली तर विनाआरक्षण रांग असते. बहुतेक महोत्सवांत आरक्षण असलेले वेळेत आले नाहीत की रिकाम्या जागा या रांगेला देतात. इथे आमची पोरं पंधरा मिनिटं आधी पोहोचतात आणि रांगेचं शेपूट पाहून निघून जातात. मोठ्या प्रीमियरला तास-दीड तास आधी उभं राहायची तयारी ठेवा. पाणी पिऊन, जेवून या आणि मोठी सॅक खोलीवर ठेवा. उलट तुमच्याकडे आरक्षण असेल तर शेवटच्या मिनिटाला धावत येऊ नका, तुमचीच खुर्ची रांगेतल्याला गेलेली असेल. जाणं जमणार नसेल तर आरक्षण रद्द करा. बाहेर तुमच्यासारखंच कुणीतरी उभं असतं.

आणि एक मनातलं सांगतो. रेड कार्पेट असलेल्या खेळासाठीच जीव टाकू नका. बऱ्याच चित्रपटांचा पुढे आणखी एक खेळ असतो. तिथे तारे नसतात, पण गर्दी कमी असते आणि कधी दिग्दर्शक प्रश्नोत्तरांना थांबतो. वेळापत्रक आलं की प्रत्येक आवडीच्या चित्रपटापुढे दोन्ही खेळ लिहा आणि त्याच वेळचा एक पर्यायी चित्रपटही ठरवून ठेवा. आमच्या पोरांनी सर्वांत जास्त वेळ ज्या चित्रपटांबद्दल बोलून काढला, ते असेच नाइलाजाने पाहिलेले होते.

प्रवास

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २० नोव्हेंबरला पोहोचायचं तर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिकीट निघालं पाहिजे. पोळा आटोपला की तयारीला लागा. नागपूर–मडगाव विशेष गाडी बडनेरा, अकोल्यावरून जाते, पण ती विशेष असल्याने त्या महिन्यात धावते आहे का ते तपासून घ्या. मडगावहून पणजी तीसेक किलोमीटर आहे आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, बसने सोपं पडतं. काही गाड्या करमळीला थांबतात, ते स्टेशन पणजीला त्याहून जवळ आहे. मुक्कामासाठी मीरामारचं यूथ हॉस्टेल आधी विचारा, नोव्हेंबरात हॉटेलं परवडत नाहीत.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी आधी पुण्याचा महोत्सव सुचवतो. तो २००२ पासून भरतो आणि साधारण जानेवारीत असतो. नोंदणी, ओळखपत्र, रांग या सगळ्याची सवय तिथे कमी खर्चात होते. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस वर्धा, बडनेरा, अकोल्यावरून थेट पुण्यात उतरवते.