स्प्रिंगच्या एअर रायफलला छर्रा किती वजनाचा? माझा अनुभव
यवतमाळकडं खेड्यात राहतो, कापसाच्या कोठ्यात 10 मीटरवर सराव चालते, रायफल .177 ची (म्हणजे नळीचं भोक 0.177 इंच), छर्र्याची ताकद 20 ज्यूलच्या आतली म्हणून लायसन लागत नाही. हलके छर्रे टाकले की टण्णकन आवाज अन् गालाला झटका, कागदावर नेम तर कुठच्या कुठं. सगळे म्हणे स्प्रिंग बदल. पण भाऊ, आधी छर्रा पाहा! स्प्रिंग पिस्टनला पुढं ढकलते, हवा दाबल्या जाते अन् छर्रा निघते, तो फारच हलका असला तर लवकर निघून जाते, मंग पिस्टनसमोर हवेची गादीच राहत नाही अन् तो टोकावर जाऊन आदळते, अन् फार जड टाकला तर दाब वाढून पिस्टन मागं उसळते. मी 0.53 ग्रॅमचे चपट्या तोंडाचे घेतले, आवाज एकदम दबला, कागदाला पंचिंग मशीनसारखं गोल भोक. अजून एक, छर्रा नळीत बोटानं दाबताना हलका अडत बसला पाहिजे, ढिला गेला तर वजन बरोबर असूनही उपयोग नाही. अन् बिनछर्र्याची रायफल कधीच चालवू नका, पिस्टनचं हवा अडवणारं सील खराब होते. टार्गेटमागं मी मातीचं पोतं ठेवतो.